कोलशेतला स्टेशन लागतं का?

मालाडच्या मालवणीत आकाशवाणीचे प्रक्षेपण मनोरे आहेत. तिथून ठाण्याचं कोलशेत सरळ रेषेत मोजलं तर वीसेक किलोमीटर. मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आणि येऊरचे डोंगर. मालवणीहून सुटलेली 558 किलोहर्ट्झची लहर हे अंतर सेकंदाच्या सुमारे पंधरा हजाराव्या भागात कापते. या लहरीची लांबी 537 मीटर. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते, त्यामुळे डोंगर तिला अडवू शकत नाही. पण कोलशेत रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये ती पोचली की दिवाणखान्यातला एलईडी दिवा, सोफ्याशेजारचा मोबाइलचा चार्जर आणि भिंतीवरचा वायफायचा डबा मिळून तिला गिळून टाकतात. रेडिओतून ऐकू येते ती फक्त खरखर.

जुने रेडिओ दुरुस्त करण्याचा छंद असलेल्या माणसाला आज हीच खरी अडचण आहे. साठ वर्षांपूर्वीचा व्हॉल्व्ह सेट चिकाटीने पुन्हा बोलता करता येतो. पण तो बोलता झाल्यावर त्याला ऐकण्याजोगं काही हवेत उरलं आहे का, आणि उरलं असेल तर ते घरापर्यंत येऊ शकतं का, हे प्रश्न सोल्डरिंगच्या कामाहून अवघड आहेत. म्हणून हा छंद एका लाकडी पेटीपुरता नाही. आवाज पाठवणारी, तो घरात आणणारी आणि कान देऊन ऐकणारी अशी जी साखळी आपल्याच भागात शंभर वर्षं टिकली, तिच्या प्रत्येक कडीशी तो जोडलेला आहे. त्यातली एक भक्कम कडी खुद्द ठाण्यात घडली.

हौशी मंडळींचं काम

मुंबई इलाख्यात रेडिओ आला तो सरकारी खात्याच्या पुढाकाराने नव्हे. ऑगस्ट 1921 मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'ने टपाल व तार खात्याच्या मदतीने मुंबईहून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित केला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला. जून 1923 पासून रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेने प्रक्षेपणं सुरू केली. क्लबातली माणसं यंत्रं स्वतः जोडत, कार्यक्रम स्वतः करत आणि ऐकणारेही बहुतेक त्यांच्यातलेच असत. बाजारात तयार संच क्वचित मिळे. गॅलिना नावाच्या शिशाच्या खनिजाचा खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि कानाला लावायचा हेडफोन एवढ्यावर स्फटिक संच चालत असे. त्याला वीज लागत नसे. लहरीतल्या ताकदीवरच हेडफोनचा पडदा हले.

23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. प्रक्षेपक होता दीड किलोवॅटचा आणि खात्रीने ऐकू येण्याचा पल्ला सुमारे 50 किलोमीटर. या वर्तुळात ठाणं बसत होतं, कोलशेतही बसत होतं. कल्याण अगदी कडेला. ऐकण्यासाठी 10 रुपयांचा वार्षिक परवाना घ्यावा लागे आणि त्यातल्या वाट्यावरच कंपनीची मुख्य भिस्त होती. पण 1927 च्या अखेरीस देशभरात मिळून परवाने होते अवघे 3,594. हिशेब जुळेना. 1 मार्च 1930 रोजी कंपनी गुंडाळली गेली. ऐकणाऱ्यांची ओरड झाली तेव्हा 1 एप्रिलपासून सरकारने केंद्रं आपल्या हाती घेतली. लायनेल फील्डन हे पहिले नियंत्रक 1935 मध्ये आले आणि 8 जून 1936 रोजी या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं.

याच 1927 मध्ये महाराष्ट्राच्या पठारावर बिनतारी यंत्रणेचं आणखी एक मोठं काम उभं राहिलं. इंग्लंडशी थेट संदेशवहन करणाऱ्या बीम वायरलेस सेवेचं प्रेषण केंद्र खडकीला होतं आणि ग्रहण केंद्र दौंडला. दोन्ही केंद्रं मुद्दाम एकमेकांपासून दूर ठेवली होती. एकाच जागी मोठा प्रक्षेपक गर्जत असेल तर तिथे दूरदेशीचा क्षीण संकेत ऐकू येत नाही. कोलशेतच्या टॉवरमध्ये बसलेल्या आजच्या श्रोत्याला हेच तत्त्व छोट्या प्रमाणावर रोज अनुभवावं लागतं.

42.34 मीटरवर

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि सरकारने हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द केले. यंत्रं जमा करण्याचे आदेश निघाले. पण परवाना जमा झाला तरी हातातली विद्या जमा होत नाही. ऑगस्ट 1942 मध्ये, 'भारत छोडो'चा ठराव होऊन नेते तुरुंगात गेल्यावर, मुंबईत काँग्रेस रेडिओ नावाचं गुप्त केंद्र 42.34 मीटरवर बोलू लागलं. त्याच्या मागे होत्या 22 वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आणि त्यांचे साथीदार. शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवाने यांनी साहित्य पुरवलं. प्रक्षेपक उभारला नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने.

पोलिसांच्या गाड्या दिशादर्शक एरियल लावून शहरभर फिरत. एरियल फिरवायची, आवाज कुठल्या दिशेला मोठा होतो ते टिपायचं, दुसऱ्या जागेहून पुन्हा तेच करायचं आणि नकाशावर दोन रेषा ओढायच्या. त्या जिथे छेदतील तिथे प्रक्षेपक. म्हणून केंद्राचा मुक्काम सारखा हलवावा लागे. 12 नोव्हेंबर 1942 रोजी महालक्ष्मी मंदिराजवळच्या पॅराडाइज बंगल्यावर धाड पडली. माहिती फोडली होती खुद्द प्रिंटर यांनीच. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्याला गेल्या. 1998 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

रेडिओचा छंद असलेल्यांनी या प्रकरणातलं तंत्र मुद्दाम समजून घ्यावं. पोलिसांनी ज्या तत्त्वाने पॅराडाइज बंगला हेरला असता, त्याच तत्त्वाने आज ट्रान्झिस्टर हातात धरून फिरवला की घरातला खरखर करणारा चार्जर सापडतो.

ठाण्यात बनलेला मर्फी

फ्रँक मर्फी या इंजिनिअरने 1929 मध्ये इंग्लंडात, वेल्विन गार्डन सिटीत, मर्फी रेडिओची स्थापना केली. स्वातंत्र्यानंतर ही कंपनी भारतात आली आणि तिचा कारखाना ठाण्यात उभा राहिला. ओठांवर बोट ठेवून हसणाऱ्या बाळाची तिची जाहिरात देशभरातल्या दुकानांत आणि दिनदर्शिकांत झळकली. 2012 च्या 'बर्फी' चित्रपटाच्या नायकाचं नावसुद्धा त्या बाळावरून आलेलं. बाळाचा चेहरा लाखोंच्या लक्षात राहिला, तो संच ठाण्यात जोडला जात होता ही गोष्ट मात्र ठाणेकरांच्याही विस्मरणात जाऊ लागली आहे.

त्या काळात मुंबई आणि आसपासचा पट्टा रेडिओ बनवणाऱ्यांचा होता. टाटांची नॅशनल एको मुंबईचीच. पुढे तिचंच नाव नेल्को झालं. 1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा कारभार सुरू झाला तोही ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. सुटे भाग, कॅबिनेट, कॉइल, ट्रान्सफॉर्मर बनवणारे छोटे कारखानदार मोठ्या कारखान्यांच्या आधाराने वाढतात. कारखान्यात सोल्डरिंग शिकलेला कामगार संध्याकाळी चाळीतल्या शेजाऱ्यांचे संच उघडून बसतो आणि निवृत्त झाल्यावर रेल्वे स्टेशनाजवळ दुरुस्तीचा गाळा टाकतो. ठाणे-कल्याण पट्ट्यात रेडिओची विद्या पसरली ती अशी, एका हातातून दुसऱ्या हातात.

मर्फीचं आणखी एक ऋण मराठी रसिकांवर आहे. 1957 च्या मेट्रो-मर्फी गायन स्पर्धेतून महेंद्र कपूर पुढे आले. रेडिओ विकणाऱ्या कंपनीने रेडिओवर गाजणारा आवाजही शोधून दिला.

पुढे ट्रान्झिस्टर आले. 1954 मध्ये अमेरिकेत निघालेल्या रीजन्सी टीआर-1 ने रेडिओ खिशात बसतो हे दाखवून दिलं होतं. आपल्याकडे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले तसे छोट्या कारखान्यांत जुळवलेले बिननावाचे संच मोठ्या कंपन्यांच्या पोटावर आले आणि दूरदर्शनने उरलेली जागा घेतली. ठाण्यातला मर्फीचा कारखाना बंद पडला. कोलशेतही बदललं. खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांच्या गावाभोवती आधी वायुदलाचं ठाणं आणि सँडोझसारखे रसायनांचे कारखाने आले होते. आता त्याच कारखान्यांच्या जमिनींवर निवासी संकुलं उभी आहेत.

दीडशे गावांची सभा

घराघरांत रेडिओ पोचण्याआधी तो गावाच्या चावडीवर पोचला होता. फेब्रुवारी ते एप्रिल 1956 या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतल्या 150 गावांत श्रोता मंडळं स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी गावकरी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करत आणि प्रश्न लिहून केंद्राला पाठवत. पुढच्या कार्यक्रमांत उत्तरं येत. असे वीस कार्यक्रम झाले. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला आणि ज्या गावांत मंडळं होती तिथल्या लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाल्याचं त्यात दिसलं. युनेस्कोमार्फत हा अभ्यास जगभर गेला. विकासासाठी रेडिओ वापरू पाहणाऱ्या अनेक देशांनी या पाच जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या सभेकडे नमुना म्हणून पाहिलं.

पुणे केंद्र तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचं होतं. ते 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झालं. पण त्या अडीच वर्षांत त्याने मराठी घरांवर जी पकड बसवली तिला तोड नाही. 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीला 'गीतरामायण' सुरू झालं. सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. वर्षभरात 56 गीतं. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत. व्यंकटेश माडगूळकर याच केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम करत होते. मुंबई केंद्राने 'पुन्हा प्रपंच'मधल्या टेकाडे भावजी आणि मीना वहिनींना घरच्या माणसांत आणून बसवलं, तर यशवंत देवांच्या 'भावसरगम'ने भावगीताला दरमहा नवी चाल दिली.

या वैभवात एक पोकळी होती आणि ती कोलंबोने भरली. 1952 मध्ये नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपट संगीत जवळजवळ नाहीसं झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून लघुलहरींवर स्वार होऊन आवाज परत मुंबईत यायचा. सिलोनकडे महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेला जोरकस लघुलहरी प्रक्षेपक होता. बुधवारी रात्री सेटचा काटा 25 किंवा 41 मीटरच्या पट्ट्यात केसभर इकडेतिकडे सरकवत बसणारी एक पिढी तिथेच लघुलहरी ऐकायला शिकली. 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीची विविध भारती सुरू झाली ती सिलोनला उत्तर म्हणूनच. 1967 पासून मुंबई-पुणे-नागपूरच्या विविध भारतीवर जाहिरातीही वाजू लागल्या.

पाठीमागचा पुठ्ठा उघडल्यावर

माळ्यावरून काढलेला जुना सेट पहिल्यांदा हातात आला की तो लगेच प्लगला लावायचा मोह होतो. तो टाळायचा, हा या छंदाचा पहिला नियम. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सेटमधले मेणकागदाचे कंडेन्सर दमट हवेने गळके झालेले असतात आणि ठाण्याच्या खाडीकाठची हवा तर त्यांची वैरीण. यातला एक कंडेन्सर सर्वांत घातक. पहिल्या ध्वनी व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा आवाज तो आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत नेतो आणि प्लेटवरचा दाब मात्र अडवून धरतो. तो गळू लागला की ग्रिडवर धन दाब चढतो, व्हॉल्व्हमधून भलताच प्रवाह वाहतो, व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. काही रुपयांचा भाग वेळेवर बदलला नाही म्हणून दुर्मीळ झालेले दोन भाग जातात.

म्हणून जाणकार कारागीर सेटच्या वायरीत 60 वॉटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये टाकतो. बल्ब भगभगीत पेटला तर आत शॉर्ट आहे. आधी उजळून मग मंद झाला तर काम पुढे न्यायला हरकत नाही. तारेचे बल्ब बाजारातून दिसेनासे झाल्यापासून दुरुस्ती करणारे ते जपून ठेवू लागले आहेत.

दुसरा नियम जिवाचा. आपल्याकडचे बरेच सेट एसी-डीसी जातीचे होते, कारण काही भागांत तेव्हा डीसी वीज मिळे. अशा सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो. लोखंडी चासी थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर चासीवर पूर्ण 230 व्होल्ट येतात. गोल बटणाचा छोटा स्क्रू उघडा असला तरी झटका बसतो. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडा चालवू नये. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये दोनशेवर व्होल्ट साठून राहू शकतात. रेझिस्टर लावून ते उतरवल्याशिवाय आत हात घालू नये.

या सेटांची रचना मात्र पाहण्यासारखी आहे. पाच व्हॉल्व्हचा नमुनेदार संच घ्या: यूसीएच81, यूबीएफ89, यूबीसी81, यूएल84 आणि यूवाय85. त्यांचे तापक अनुक्रमे 19, 19, 14, 45 आणि 38 व्होल्टचे, आणि सगळ्यांना प्रवाह लागतो 100 मिलिअँपिअर. म्हणून पाचही एका माळेत जोडता येतात. बेरीज 135 व्होल्ट. घरातली वीज 230 व्होल्ट. उरलेले 95 व्होल्ट एका जाड रेझिस्टरवर उष्णतेच्या रूपाने खर्च होतात, म्हणजे साडेनऊ वॉट नुसते सेट तापवण्यात जातात. जुन्या रेडिओच्या माथ्यावर हात ठेवला की ऊब लागते तिचं एक कारण हे. आणि माळेतला एक तापक तुटला की पाचही व्हॉल्व्ह विझतात. मग मीटर घेऊन एकेक पाय तपासत बसावं लागतं.

आवाज पकडण्याची पद्धत आहे सुपरहेटरोडाइन. एडविन आर्मस्ट्राँगने ती 1918 मध्ये शोधली. काटा 558 वर आणला की सेटमधला ऑसिलेटर 1013 किलोहर्ट्झवर चालतो. दोघांची वजाबाकी 455. काटा 1044 वर नेला तर ऑसिलेटर 1499 वर जातो. वजाबाकी पुन्हा 455. स्टेशन कुठलंही असो, पुढच्या सगळ्या भागांना एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर काम करायचं असतं, म्हणून ते अचूक करता येतं. ही वजाबाकी सांभाळतात आयएफटीचे, म्हणजे इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मरचे डबे. त्यातल्या फेराइटच्या कोअरला लोखंडी पेचकस लावून 'जरा फिरवून बघतो' म्हणणाऱ्याने सेट कायमचा बहिरा केल्याची उदाहरणं दुरुस्तीच्या प्रत्येक गाळ्यात ऐकायला मिळतात.

डायलची दोरी हा वेगळाच खेळ. बटण, मोठा ड्रम, तीन-चार पुली, स्प्रिंग आणि काटा यांतून ती ठरलेल्या वळणानेच जाते. एक वेढा उलटा पडला की बटण उजवीकडे फिरवल्यावर काटा डावीकडे पळतो. म्हणून दोरी तुटण्याआधीच तिचा नकाशा कागदावर काढून ठेवतात. काटा जागेवर बसला तरी स्टेशन छापील खुणेवर लागेलच असं नाही. 23 नोव्हेंबर 1978 पासून आपल्या भागातल्या मध्यम लहरींची स्टेशनं 9 किलोहर्ट्झच्या अंतराने नव्याने मांडली गेली. मुंबईची 558, 1044 आणि 1188 किंवा पुण्याची 792 या साऱ्या संख्यांना नऊने भाग जातो. त्याआधी छापलेल्या काचा जुन्या मांडणीनुसार आहेत. खुणेपासून थोडं सरकून लागलेलं स्टेशन म्हणजे बिघाड नव्हे.

सुटे भाग मिळवण्यासाठी मुंबईची वारी चुकत नाही. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव पाटीवर आहे, पण सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. कंडेन्सर, रेझिस्टर, स्लीव्ह तिथे मिळतात. व्हॉल्व्ह, बटणं, डायलची काच, मागचा पुठ्ठा यांसाठी चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार पालथा घालावा लागतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी देशाला पुरतील एवढे रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. ते उत्पादन केव्हाच थांबलं. म्हणून एका मेलेल्या सेटमधून चार जिवंत सेटांना भाग पुरवणं हेच इथलं अर्थशास्त्र. कॅबिनेटचं विनिअर सुटलं असेल तर ते पुन्हा चिकटवून त्यावर लाखेचं पॉलिश हाताने चढवतात. चकचकीत पॉलिएस्टर कोट मारला तर सेट नवा दिसतो, पण त्याचं वय पुसलं जातं.

गोंगाट आणि रात्र

सेट तयार झाला. आता स्टेशन लावायचं.

पूर्वी घराच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तांब्याच्या जाळीची पट्टी टांगलेली असे. ती एरियल चाळीच्या खोलीत पुरे व्हायची, कारण घरात विजेच्या वस्तू म्हणजे दोन बल्ब आणि एक पंखा. आज एका फ्लॅटमध्ये डझनावारी स्विच मोड वीजपुरवठे चालतात. एलईडीचा ड्रायव्हर, लॅपटॉपचा चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टचं नियंत्रण, छतावरचं सोलर, सगळे सेकंदाला हजारो वेळा वीज तोडत-जोडत असतात आणि त्या प्रत्येक तोडजोडीची खरखर नेमकी मध्यम लहरींच्या पट्ट्यात सांडते. वर सिमेंटमधली लोखंडी जाळी बाहेरची लहर आत येऊ देत नाही.

उपाय आहेत. लाकडी चौकटीवर तारेचे आठ-दहा वेढे घेऊन त्याला जुन्या सेटमधला गँग, म्हणजे स्टेशन बदलणारा फिरता कंडेन्सर, जोडला की लूप एरियल तयार होते. ती फिरवली की एका ठरावीक दिशेचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. ती दिशा शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरकडे वळवायची आणि मालवणी मोकळी सोडायची. याहून सोपा उपाय म्हणजे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घेऊन इमारतींपासून दूर, खाडीच्या बाजूला जाणं. खारट ओल्या जमिनीवरून मध्यम लहरी चांगल्या वाहतात. कोलशेतच्या खाडीने श्रोत्याला दिलेली ही सोय बिल्डरला विकता आलेली नाही.

दिवस मावळल्यावर पट्टा बदलतो. दिवसा जमिनीपासून 60 ते 90 किलोमीटर उंचीवरचा विद्युतभारित थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. तेव्हा सांगलीचं 1251, जळगावचं 963, रत्नागिरीचं 1143, पणजीचं 1287 ही स्टेशनं ठाण्यात डोकावत आली आहेत. नागपूरजवळच्या बुटीबोरीहून 1566 किलोहर्ट्झवर दहा लाख वॉटची राष्ट्रीय वाहिनी 18 मे 1988 पासून रात्रभर चालायची. युरोपातल्या मध्यम लहरी ऐकणाऱ्यांनीही तिची नोंद केलेली आहे. ही वाहिनी 2019 च्या सुमारास बंद झाली. बीबीसीने 1942 पासून दीड दशक मराठीतून प्रसारण केलं होतं. तिची हिंदीतली लघुलहरी सेवाही 31 जानेवारी 2020 रोजी थांबली. प्रसार भारतीने देशभरातले कितीतरी जुने मध्यम लहरी प्रक्षेपक मोडीत काढले.

प्रक्षेपक बंद करण्यामागे हिशेब आहे. शंभर किलोवॅटच्या प्रक्षेपकाला वीज भरपूर लागते, मनोऱ्यांना एकरांनी जमीन लागते आणि मुंबईत जमिनीची किंमत सांगायला नको. एफएमला हे एवढं लागत नाही आणि मोबाइलवर तर सगळ्या वाहिन्या ऐकू येतात. पण एफएमचा आवाज साधारण नजरेच्या रेषेत चालतो, मोबाइलला मनोरा, वीज आणि पैसे भरलेला डेटा लागतो. वादळात मनोरे कोसळतात तेव्हा दोन सेलांवर चालणारा आणि शंभर किलोमीटरवरचा आवाज पकडणारा ट्रान्झिस्टर हाच एकटा कामाचा राहतो. कोकणपट्टीत मध्यम लहरी टिकल्या पाहिजेत यासाठी जुन्या गाण्यांच्या हळवेपणाची गरज नाही, पावसाळ्याचा अनुभव पुरेसा आहे.

कान दिल्याची नोंद

प्रक्षेपक चालू ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्यांना एकच प्रश्न पडतो: कुणी ऐकतं का? त्याचं उत्तर देण्याची एक जुनी, साधी पद्धत श्रोत्यांकडे आहे आणि जगभरचे छांदिष्ट आजही ती वापरतात. ऐकलेल्या स्टेशनला अहवाल पाठवायचा. त्यात तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कार्यक्रमात काय ऐकलं याचे चार-पाच तपशील, आपला संच आणि एरियल कोणती, आणि शेवटी सिनपो नावाचा पाच आकडी शेरा: संकेताची ताकद, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, विजेचा गोंगाट, आवाजाची चढउतार आणि एकूण दर्जा, प्रत्येकाला 1 ते 5 पैकी गुण. अहवाल बरोबर असेल तर स्टेशन पोच म्हणून क्यूएसएल कार्ड पाठवतं. आकाशवाणीही अशी कार्डं देत आली आहे. तिच्या दिल्लीच्या स्पेक्ट्रम विभागाकडे अहवाल जातात.

1927 मध्ये परवान्याची पावती हाच श्रोता असल्याचा पुरावा होता. पुढे पोस्टातून नूतनीकरण करायची ती परवाना पुस्तिका 1980 च्या दशकात रद्द झाली आणि तेव्हापासून मध्यम लहरींच्या श्रोत्याची मोजदादच उरली नाही. म्हणून कोलशेतच्या एखाद्या गॅलरीत दुरुस्त केलेल्या मर्फीवर 558 लागलं, तर त्या रात्री वहीत वेळ लिहून ठेवावी, विजेच्या गोंगाटाच्या रकान्यात प्रामाणिकपणे 2 किंवा 3 टाकावा आणि तो कागद दिल्लीला धाडावा.